मेडिक्लेम की युलिप? एका शोधनिबंधाची उलटतपासणी

फेलोशिपचा पहिला हप्ता खात्यात जमा झाला (तो किती महिन्यांनी होतो हा वेगळ्या पोस्टचा विषय) की आपल्याकडे एक गोष्ट हमखास घडते. नात्यातले कुणी काका, बिल्डिंगमधले शेजारी किंवा आईच्या ओळखीतलं कुणीतरी 'प्लॅन' घेऊन घरी येतं. प्लॅनचं नाव काहीही असो, वाक्य ठरलेलं असतं: "यात आरोग्य विमा पण आहे आणि पैसे पण परत मिळतात. नुसत्या मेडिक्लेममध्ये काय, आजारी नाही पडलात तर पैसे गेले ना!"

गेल्या दोन महिन्यांत या ब्लॉगच्या तीन वाचकांनी मला याच वाक्याबद्दल विचारलं. तिघंही नेट किंवा पेटची तयारी करणारे, तिघांचे आई-वडील पन्नाशीच्या पुढचे. जेआरएफची रक्कम जानेवारी २०२३ पासून महिन्याला ३७,००० आहे. त्यात भाडं, लोकलचा पास, घरी पाठवायचे पैसे. म्हणजे आरोग्यासाठी बाजूला काढता येणारे पैसे एकाच ठिकाणी जाणार आणि निर्णय चुकला तर दुसरा करायला पैसे नसणार.

मी काही विमा सल्लागार नाही. पण प्रश्न असा आहे की त्याच्या अगदी जवळचा प्रश्न घेऊन भारतातच एक उत्तम संशोधन झालंय. ते नीट वाचलं तर दोन कामं होतात: निर्णयाला मदत होते आणि शोधनिबंध कसा तपासायचा हेही शिकता येतं. आजची पोस्ट त्या निबंधाच्या समीक्षेची आहे. कौतुक आहे, तक्रारही आहे. सगळ्यात मोठी तक्रार निबंधापेक्षा तो अर्धवट वाचणाऱ्यांबद्दल आहे.

आधी, आपण कशाबद्दल बोलतोय?

मेडिक्लेम, म्हणजे स्वतंत्र आरोग्य विमा, हा साधा व्यवहार आहे. वर्षाचा हप्ता भरा. रुग्णालयात दाखल व्हावं लागलं तर विमा रकमेच्या मर्यादेत आणि अटींनुसार बिल कंपनी भरेल. वर्ष संपलं, हप्ता संपला. परत काही नाही.

गुंतवणुकीशी जोडलेला प्रकार वेगळा. तुमच्या हप्त्यातून आधी काही शुल्कं कापली जातात, विम्याचा खर्च कापला जातो आणि उरलेल्या पैशांची एका फंडात युनिट घेतली जातात. आयुर्विम्यात यालाच आपण युलिप म्हणतो. आरोग्यातही हा प्रयोग झालाय. एलआयसीने २००८ मध्ये 'हेल्थ प्लस' आणि त्यानंतर 'हेल्थ प्रोटेक्शन प्लस' अशा युनिट-लिंक्ड आरोग्य योजना आणल्या होत्या. त्यांत रुग्णालयात राहण्याच्या दिवसामागे ठरलेली रक्कम, यादीतली मोठी शस्त्रक्रिया झाली तर ठरलेली रक्कम आणि बाकीचा हप्ता फंडात, अशी रचना होती. २०११ मध्ये आलेली 'जीवन आरोग्य' ही पुढची योजना मात्र फंडाशी न जोडलेली होती.

इथे एक शब्द अधोरेखित करा: ठरलेली रक्कम. बिल किती झालं याच्याशी तिचा संबंध नाही. हा मुद्दा पुढे फार महत्त्वाचा ठरणार आहे.

निबंधात केलंय काय?

संतोष अनागोल, शॉन कोल आणि शायक सरकार यांचा हा निबंध २०१७ मध्ये 'रिव्ह्यू ऑफ इकॉनॉमिक्स अँड स्टॅटिस्टिक्स' या नियतकालिकात आला. विषय: कमिशनवर काम करणारे आयुर्विमा एजंट भारतातल्या ग्राहकाला कसा सल्ला देतात. लक्षात घ्या, विषय आयुर्विम्याचा आहे, आरोग्य विम्याचा नाही.

पद्धत ऐकायला सोपी आहे. प्रशिक्षण दिलेल्या माणसांना ग्राहक बनवून एजंटांकडे पाठवायचं. प्रत्येकाने काय बोलायचं ते आधीच ठरलेलं. कुणी म्हणायचं, "मला काही झालं तर घरच्यांना पैसे मिळावेत." कुणी म्हणायचं, "मला बचत करायची आहे." कुणाला टर्म चांगली वाटते असं बोलायचं, तर कुणाला होल लाइफ चांगली वाटते असं. कुणी कोणतं वाक्य बोलायचं हे यादृच्छिक पद्धतीने ठरवलं. मग एजंट काय सुचवतो ते टिपायचं.

निष्कर्ष थोडक्यात असे. बहुतेक एजंट ग्राहकाच्या गरजेला न शोभणारी पण जास्त कमिशनची पॉलिसी सुचवतात. ग्राहकाची समजूत चुकीची असली तरी ती दुरुस्त करण्याऐवजी तिच्या कलाने घेतात. ग्राहक जाणकार वाटला आणि दुसरीकडेही चौकशी करतोय असं कळलं, तर सल्ला थोडासा सुधारतो. फार नाही, थोडासा.

चौथा निष्कर्ष मला सगळ्यात आवडतो. जुलै २०१० पासून विमा नियामकाने युलिपवर मिळणारं कमिशन ग्राहकाला सांगणं बंधनकारक केलं. झालं काय? ज्यांना हा नियम लागू नव्हता अशा, तितकंच भरघोस कमिशन देणाऱ्या पॉलिसींकडे एजंट वळले. एका दरवाजाला कुलूप लावलं, पण शेजारची खिडकी उघडीच होती.

यातलं शिकण्यासारखं

संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी तीन गोष्टी वहीत टिपाव्यात.

पहिली, तुलना. 'वाईट सल्ला' म्हणजे काय हे आधी ठरवावं लागतं, नाहीतर तो फक्त संशोधकाचा राग ठरतो. लेखकांनी ते छान केलंय. होल लाइफ पॉलिसी घेण्याऐवजी तेवढ्याच पैशांत टर्म पॉलिसी घेतली आणि उरलेले पैसे बँकेत ठेवले, तर विम्याचं संरक्षण कमी न होता शेवटी हातात जास्त पैसे राहतात, हे त्यांनी हिशेबाने दाखवलं. दुसरा पर्याय पहिल्यापेक्षा कुठेच कमी पडत नाही आणि निदान एका बाबतीत सरस आहे. मग पहिला पर्याय सुचवणं हा आवडीनिवडीचा प्रश्न राहत नाही.

दुसरी, यादृच्छिकता. एजंटचा स्वभाव, तो दिवस, ते ऑफिस या सगळ्यांचा परिणाम सरासरीत विरून जावा म्हणून संवादाची वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी केली. प्रयोगशाळेत आपण नमुने यादृच्छिक लावतो ना, तेच इथे माणसांच्या संभाषणावर.

तिसरी, नियमातल्या बदलाचा वापर. नियम संशोधकांनी बनवलेला नव्हता. पण तो एका विशिष्ट तारखेला आणि एकाच प्रकारच्या पॉलिसीला लागू झाला, म्हणून आधी-नंतरची तुलना शक्य झाली. असा योग आपणहून चालून येत नाही, त्यावर डोळा ठेवून बसावं लागतं.

आता तक्रार

हा निबंध आणि त्यासारखं लिखाण वाचून आपल्याकडे एक मंत्र तयार झालाय: "विमा आणि गुंतवणूक कधीही एकत्र करू नका." आर्थिक सल्ल्याच्या प्रत्येक व्हिडिओत तो असतो. मंत्र चुकीचा नाही. पण आयुर्विम्यावर सिद्ध झालेली गोष्ट आरोग्य विम्यावर जशीच्या तशी चिकटवता येते का? मला वाटतं, नाही. निष्कर्ष तोच निघतो, पण कारणं वेगळी आहेत. आणि कारण चुकलं की निर्णय बरोबर असूनही माणूस पुढे अडचणीत येतो.

भेद कुठे आहे ते बघू.

आयुर्विम्यात वचन रुपयांत असतं. माणूस गेला तर ५० लाख. टर्मचे ५० लाख आणि होल लाइफचे ५० लाख सारखेच. म्हणून एकाच्या जागी दुसरं ठेवून तुलना करता येते. शिवाय टर्मचा हप्ता साधारणपणे पूर्ण मुदतीसाठी ठरलेला असतो. 'उरलेले पैसे' किती, हे पहिल्याच दिवशी कळतं.

आरोग्य विम्यात या दोन्ही गोष्टी कोसळतात. मेडिक्लेमचं वचन बिलाचं आहे, फंडाशी जोडलेल्या योजनेचं वचन ठरलेल्या रकमेचं. ही दोन वचनं एका मापाची नाहीत. आणि मेडिक्लेमचा हप्ता वयाप्रमाणे आणि वैद्यकीय खर्चाप्रमाणे वाढत जातो. 'उरलेले पैसे' दरवर्षी कमी होत जातात आणि एक दिवस संपतात.

याचा परिणाम किती मोठा आहे, ते आकड्यांत बघू.

हिशेब करून बघू

आकडे मी धरलेले आहेत, कुठल्याही कंपनीचे नाहीत. वहीवर किंवा स्प्रेडशीटमध्ये स्वतः करून बघा.

समजा वर्षाच्या सुरुवातीला ६०,००० रुपये बाजूला काढता येतात आणि हे १५ वर्षं चालतं. आई-वडिलांच्या मेडिक्लेमचा पहिल्या वर्षाचा हप्ता २०,००० धरू. बाकीच्या पैशांवर ७.१ टक्के परतावा धरू. पीपीएफचा दर एप्रिल २०२० पासून बराच काळ इतकाच राहिलाय, म्हणून हा आकडा उचलला.

व्हिडिओतला हिशेब असा असतो: ६०,००० वजा २०,००० म्हणजे ४०,००० दरवर्षी गुंतवा. १५ वर्षांनी सुमारे १० लाख ८५ हजार. वा!

पण हप्ता २०,००० वर थांबणार नाही. तो दरवर्षी १० टक्क्यांनी वाढतो असं धरा. तेराव्या वर्षी हप्ता ६२,७६९ होतो, म्हणजे बाजूला काढलेल्या पूर्ण पैशांपेक्षा जास्त. पंधराव्या वर्षी जवळपास ७५,९५०. शेवटची तीन वर्षं गुंतवणूक सोडाच, साठवलेल्यातूनच काढावं लागतं. हे सगळं धरून पंधरा वर्षांनी हातात सुमारे ६ लाख ९ हजार राहतात. व्हिडिओच्या आकड्यातून पावणेपाच लाख गायब.

आता एकत्र योजनेचा हिशेब. तिला झुकतं माप देऊ: आरोग्यासाठीची कपात मेडिक्लेमच्या हप्त्याइतकीच आणि तशीच वाढणारी धरू. आणि शुल्कांमुळे परतावा २.२५ टक्के बिंदूंनी घटतो असं धरू. सप्टेंबर २०१० पासून लागू झालेल्या नियमांत दहा वर्षांपेक्षा जास्त मुदतीच्या युलिपसाठी एकूण आणि निव्वळ परताव्यातल्या फरकाची हीच कमाल मर्यादा होती. म्हणजे ७.१ च्या जागी ४.८५ टक्के. पंधरा वर्षांनी हातात सुमारे ४ लाख ७० हजार.

फरक साधारण १ लाख ३९ हजार. वेगळं घेणं सरस, यात शंका नाही. पण आता एकच गोष्ट बदलून बघा: हप्त्याची वाढ १० ऐवजी १२ टक्के. वेगळं घेणाऱ्याकडे ६ लाख ९ हजारांऐवजी ४ लाख ५८ हजारच उरतात आणि हप्ता अकराव्या वर्षीच ६०,००० ओलांडतो. एकत्र योजनेतही रक्कम ३ लाख ३४ हजारांवर येते. दोघांतला फरक १ लाख २४ हजार. दिशा तीच राहते.

यातून दोन गोष्टी दिसतात. एक, एकत्र की वेगळं, या वादातून पडणाऱ्या फरकापेक्षा हप्ता वर्षाला १० टक्के वाढेल की १२ टक्के, याने पडणारा फरक मोठा आहे. ज्या गृहीतकाबद्दल कुणी भांडत नाही तेच निकाल ठरवतंय. दोन, "वेगळं घ्या आणि उरलेले गुंतवा" हा सल्ला अपुरा आहे. उरलेले पैसे ही तुमची कमाई नाही, ती उद्याच्या हप्त्याची तरतूद आहे. ते लग्नात किंवा बाईकमध्ये गेले तर तेराव्या वर्षी, म्हणजे आई-वडिलांना सगळ्यात जास्त गरज असताना, पॉलिसी बंद पडते.

याची दखल नियामकालाही घ्यावी लागली आहे. जानेवारी २०२५ मध्ये इर्डाने सांगितलं की ज्येष्ठ नागरिकांच्या आरोग्य विम्याचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा असेल तर आधी नियामकाशी चर्चा करावी लागेल. हप्तावाढ हा खरा प्रश्न नसता तर असा आदेश निघालाच नसता.

मग खरं कारण कोणतं?

वचन. परत तिथेच येतो.

कल्पना करा, सहा दिवस रुग्णालयात आणि बिल ३,५०,०००. दिवसाला २,५०० रुपये देणारी योजना असेल आणि आजार शस्त्रक्रियांच्या यादीत नसेल, तर हातात १५,०००. उरलेले ३,३५,००० स्वतःच्या फंडातून, म्हणजे स्वतःच्याच खिशातून. पाच लाखांची मेडिक्लेम असेल तर बिलाचा मोठा भाग कंपनी भरते. पूर्ण भरेलच असं नाही. खोलीभाड्याची मर्यादा, सह-भरणा, हातमोजे आणि सिरिंजसारख्या न मिळणाऱ्या बाबी, हे सगळं असतं. खोली मर्यादेपेक्षा महाग घेतली तर बाकीच्या बिलातही त्याच प्रमाणात कात्री लागू शकते. तरीही १५,००० आणि लाखांतली भरपाई यांची तुलना होत नाही.

आणि हे कुणा एका कंपनीच्या कंजूषपणामुळे होत नाही. इर्डाच्या २०१६ च्या नियमावलीने आयुर्विमा कंपन्यांना बिलाप्रमाणे भरपाई देणाऱ्या आरोग्य पॉलिसी विकायलाच मनाई केली. युलिप विकतात आयुर्विमा कंपन्या. म्हणजे युलिपच्या पोटात बिल भरणारं वचन बसवता येत नाही. दोन कंपन्यांनी मिळून दिलेली 'कॉम्बी' योजना असेल तर ती एका लिफाफ्यातल्या दोन पॉलिसी समजा आणि आरोग्याची पॉलिसी वेगळी काढून वाचा.

म्हणून माझं म्हणणं असं: आरोग्यात वेगळं घ्यावं ते परतावा जास्त मिळतो म्हणून नाही. परताव्याचा फरक आहे, पण तो दुय्यम. मोठ्या बिलाची जोखीम दुसऱ्याच्या डोक्यावर जाते की आपल्याच फंडात फिरत राहते, हा मूळ फरक आहे. "पैसे परत मिळतात" याचा अर्थ बऱ्याचदा इतकाच असतो की जोखीम तुमच्याकडून गेलीच नाही.

'शिस्त लागते' या युक्तिवादाचं काय?

एकत्र योजनेच्या बाजूने एक गंभीर मुद्दा आहे आणि अनागोल-कोल-सरकार यांचा निबंध वाचताना तो मनात येतोच. माणूस उरलेले पैसे खरंच गुंतवतो का? सक्ती असली की बचत होते. कागदावर सरस असलेला पर्याय प्रत्यक्षात हरू शकतो.

याला उत्तर दुसऱ्या एका निबंधात सापडतं. मोनिका हलन, रेणुका साने आणि सुसान थॉमस यांनी २०१४ मध्ये 'जर्नल ऑफ इकॉनॉमिक पॉलिसी रिफॉर्म'मध्ये अंदाज मांडला की २००४-०५ ते २०११-१२ या काळात चुकीच्या पद्धतीने विकलेल्या आयुर्विमा पॉलिसींमुळे ग्राहकांचं सुमारे दीड लाख कोटी रुपयांचं नुकसान झालं. मुख्य कारण, हप्ते मध्येच थांबून पॉलिसी बंद पडणं. आपल्यासाठी आनंदाची गोष्ट म्हणजे सुसान थॉमस तेव्हा गोरेगावच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेत होत्या. भाईंदरहून लोकल पकडली की ही संस्था फार लांब नाही.

सक्तीने बचत होत असती तर इतक्या पॉलिसी मध्येच बंद पडल्या नसत्या. शिस्तीचा युक्तिवाद इथे लंगडा पडतो.

पण या निबंधालाही एक प्रश्न विचारायला हवा. बंद पडलेली प्रत्येक पॉलिसी फसवून विकलेली असते का? कुणाची नोकरी जाते, कुणाच्या घरी आजारपण येतं, कुणी नुसतंच विसरतं. बंद पडणं मोजता येतं, फसवणूक थेट मोजता येत नाही. म्हणून पहिल्याचा उपयोग दुसऱ्याचं माप म्हणून केला जातो. हे संशोधनात चालतं, नाहीतर अर्धे विषय अभ्यासताच येणार नाहीत. पण वाचताना आपण मोजलेली गोष्ट आणि सांगितलेली गोष्ट वेगळी ठेवली पाहिजे.

तिसरा पर्याय कुठे गेला?

दोन्ही निबंधांत नसलेली आणि महाराष्ट्रात राहणाऱ्याने धरायलाच हवी अशी एक गोष्ट: सरकारी योजना. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा विस्तार राज्यातल्या सगळ्या नागरिकांसाठी करण्याचा निर्णय जून २०२३ मध्ये झाला आणि संरक्षण कुटुंबामागे पाच लाखांवर नेलं. सत्तर वर्षं पूर्ण झालेल्यांसाठी २०२४ पासून आयुष्मान भारतमध्ये उत्पन्नाची अट न लावता पाच लाखांचं संरक्षण आहे. उपचार यादीतले हवेत आणि रुग्णालय योजनेतलं हवं, ही अट मोठी आहे. पण 'काहीच नाही' हा आपला शून्यबिंदू राहिलेला नाही. कुठल्याही तुलनेत पहिला प्रश्न हाच: कशाच्या तुलनेत? शून्यबिंदू हलला की प्रत्येक पर्यायाची किंमत बदलते.

हाच अभ्यास मीरा-भाईंदरमध्ये केला तर?

आमच्या भाईंदरच्या घरी मागच्या वर्षी असंच एक पत्रक आलं. कंपनीचं नाव सांगत नाही, गरजही नाही. पहिल्या पानावर डॉक्टर आणि हसणारे आजी-आजोबा, तिसऱ्या पानावर आठ टक्क्यांनी वाढणारा आलेख. आईने एजंटला एकच प्रश्न विचारला, "माझ्या शुगरमुळे ॲडमिट झाले तर बिल कोण भरणार?" उत्तरात 'फंड' हा शब्द चार वेळा आला, 'कंपनी' हा शब्द एकदाही नाही. माझ्या सगळ्या संख्याशास्त्रापेक्षा तो प्रश्न नेमका होता.

तेव्हापासून डोक्यात आहे की आरोग्य विम्यावर असा अभ्यास इथे करता येईल. २०११ च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या आठ लाखांच्या वर होती. मराठी, गुजराती, मारवाडी, हिंदी भाषक सगळे शेजारी. मग एजंट ग्राहकाच्याच भाषेतला असेल तर सल्ला सुधारतो की बिघडतो? ओळखीतल्या माणसावर विश्वास जास्त, म्हणून विचारपूस कमी, असं होतं का? मूळ निबंधात पाठवलेले ग्राहक अनोळखी होते. आपल्याकडे मात्र पॉलिसी बऱ्याचदा ओळखीतून विकली जाते. निष्कर्ष इथे लागू करताना ही सगळ्यात मोठी फट आहे.

पण अडचणीही तिथेच आहेत. ओळखीचा माणूस 'खोटा ग्राहक' म्हणून पाठवता येत नाही. भाईंदरचा ग्राहक बोरिवलीच्या एजंटकडूनही पॉलिसी घेतो, मग नमुना कुठल्या हद्दीतून काढायचा? आणि नैतिकतेचा प्रश्न: एजंटचा वेळ आपण त्याला न सांगता घेतोय. त्याचं पोट कमिशनवर आहे. संस्थेच्या नीतिशास्त्र समितीपुढे जाताना याचं उत्तर तयार हवं. एजंटची ओळख कुठेही नोंदवायची नाही, भेट छोटी ठेवायची, ही किमान तयारी. 'समाजाच्या भल्यासाठी' एवढ्यावर समिती गप्प बसत नाही आणि बसूही नये.

एजंटवर सगळं खापर फोडणंही मला पटत नाही. निबंधाचाच चौथा निष्कर्ष आठवा: नियम बदलला तसे एजंट बदलले. माणसं वाईट आहेत असं त्यातून सिद्ध होत नाही, कमिशनची रचना कुठे ओढतेय ते दिसतं.

निर्णय कसा घ्यायचा?

विचारणाऱ्या तिघांना मी जे कळवलं, तेच इथे.

पहिलं, आई-वडिलांची मेडिक्लेम वेगळी आणि लवकर घ्या. आधीपासून असलेल्या आजारांसाठीचा प्रतीक्षा काळ २०२४ च्या नियमांनुसार जास्तीत जास्त तीन वर्षं असू शकतो. हे घड्याळ पॉलिसी घेतल्यावरच सुरू होतं. आजार लपवू नका. सलग पाच वर्षं पॉलिसी चालल्यावर फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय माहिती दडवल्याच्या कारणाने दावा नाकारता येत नाही. पण त्या पाच वर्षांच्या आत दावा आला आणि लपवलेलं बाहेर पडलं तर सगळं पाण्यात.

दुसरं, उरलेले पैसे 'हप्ता निधी' समजून वेगळ्या खात्यात ठेवा. वरच्या हिशेबातली खरी शिकवण हीच आहे.

तिसरं, जुन्या हिशेबांवर विसंबू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही. आधी १८ टक्के होता. कलम ८०डी ची वजावट नव्या करप्रणालीत मिळत नाही. कुणी 'टॅक्स वाचेल' म्हणालं तर कोणत्या प्रणालीत, ते विचारा.

चौथं, एकत्र योजना कुणी दाखवलीच तर आईचा प्रश्न विचारा: बिल कोण भरणार, कंपनी की माझाच फंड? उत्तर लेखी मागा.

शोधनिबंध म्हणून विचाराल, तर अनागोल-कोल-सरकार यांचं काम रचनेच्या दृष्टीने मी अजूनही विद्यार्थ्यांना पहिलं वाचायला देईन. पण आरोग्य विम्यासाठी त्याचा दाखला देणाऱ्याला विचारेन, की त्यातली तुलना इथे बसते हे तुम्ही दाखवलंत की गृहीत धरलंत? संशोधन प्रस्ताव लिहिताना तुमचा मार्गदर्शकही हाच प्रश्न विचारणार आहे, फक्त विषय वेगळा असेल.

अभ्यास म्हणून एक काम देतो. वरचा हिशेब स्प्रेडशीटमध्ये मांडा आणि हप्त्याची वाढ ८, १० आणि १४ टक्के धरून बघा. कोणत्या वर्षी हप्ता ६०,००० ओलांडतो ते नोंदवा आणि त्या वर्षी तुमच्या आई-वडिलांचं वय किती असेल ते शेजारच्या रकान्यात लिहा. तो रकाना भरल्यावर काही विचारायचं असेल तर जरूर लिहा.